डिरेक्टरी सर्व्हर अडखळतो तेव्हा: थ्रेड, रांगा आणि इंडेक्स (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लातूरच्या एका कॉलेजात मी सर्व्हर सांभाळतो. लॅबचं लॉगिन, वायफाय, ग्रंथालय, मेल, सगळं एकाच डिरेक्टरीवर, म्हणजे वापरकर्ते, गट आणि पासवर्ड यांच्या सामायिक नोंदवहीवर, टांगलेलं आहे. नांदेड, परभणी, बीडकडचे माझ्यासारखेच एकट्यानं गाडा ओढणारे सिस्टिमवाले फोन करतात आणि बहुतेक फोन एकाच वाक्यानं सुरू होतात: "सर, एलडॅप स्लो झालाय, थ्रेड किती ठेवू?" (एलडॅप म्हणजे या नोंदवहीला प्रश्न विचारायची ठरलेली भाषा, आणि थ्रेड म्हणजे सर्व्हरच्या आत विनंत्या उचलून उत्तरं देणारे कामकरी.) तेच तेच सांगून घसा बसला म्हणून हे लिहून ठेवलंय. उदाहरणं ओपनएलडॅप आणि 389 डिरेक्टरी सर्व्हर या दोन डिरेक्टरी सॉफ्टवेअरची आहेत. फ्रीआयपीए वापरत असाल तर त्याच्या पोटातही 389च आहे. सेटिंगांची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत, मॅन्युअलमध्ये ती लगेच ओळखू येतील.

लॉगिन मंद झालंय. थ्रेड वाढवू का?

अजून नको. आधी एक हिशेब करा.

समजा थ्रेड 16 आहेत आणि एका शोधाला 2 मिलिसेकंद लागतात. म्हणजे कागदावर सेकंदाला 8,000 शोध होतात (प्रत्यक्षात प्रोसेसरचे कोअर किती त्यावर कमी, पण तरी भरपूर). आता तोच शोध काही कारणानं 400 मिलिसेकंद घेऊ लागला. थ्रेड तेवढेच, पण सेकंदाला 40 शोध. एका लॅबमध्ये सकाळी 10 वाजता 60 पोरं एकदम लॉगिन करतात आणि एका लॉगिनमागे वापरकर्ता, त्याचे गट, पासवर्ड असे 10 प्रश्न सर्व्हरला जातात असं धरा. 600 प्रश्न भागिले 40, म्हणजे 15 सेकंद. शेवटच्या पोराच्या स्क्रीनवर तोवर गोल फिरत राहणार, आणि तो दोनदा-तीनदा पासवर्ड टाकून रांग आणखी लांबवणार.

थ्रेड 16चे 32 केलेत तर फार झालं 15चे साडेसात होतील, तेही प्रोसेसरला जागा असेल तर. 400चे पुन्हा 2 मिलिसेकंद केलेत तर प्रश्नच उरत नाही. उन्हाळ्यात टँकरला तोट्या वाढवून गावाची तहान भागत नाही, टँकरमध्ये पाणी किती आहे ते बघावं लागतं. इथंही तसंच.

आमच्याकडे 600 संगणक आहेत. मग 600 थ्रेड लागतील ना?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. जोडणी वेगळी, थ्रेड वेगळा. संगणक सर्व्हरशी जोडणी उघडून गप्प बसला असेल तर तो एकही थ्रेड अडवत नाही, फक्त एक फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलला किंवा जोडणीला सिस्टिम देते तो क्रमांक) खातो. विनंती आली की ती रांगेत लागते, मोकळा थ्रेड ती उचलतो, उत्तर देतो आणि पुढच्या विनंतीला मोकळा होतो. बँकेत खातेदार 10,000 असले तरी खिडक्या चारच असतात, तसं.

मग आकडा किती ठेवायचा, एकदाचं सांगा.

ओपनएलडॅपमध्ये डीफॉल्ट 16 आणि किमान 2. त्यांच्या प्रशासक मार्गदर्शिकेचा ठोकताळा असा: खऱ्या कोअरमागे 4 थ्रेड, आणि वाचनाचं काम जास्त असेल तर 16च्या वर गेल्यानं वेग वाढत नाही, उलट घटतो. लिहिण्याचं काम फार आणि वाचन कमी असेल तर जास्त थ्रेडचा थोडा फायदा दिसतो, असंही तिथंच म्हटलंय. कॉलेज, कारखाना, पतसंस्था, कुठंही बघा, डिरेक्टरीत वाचनच जास्त असतं. म्हणून माझा सल्ला: 16 आहे, 16च राहू द्या.

389मध्ये जुन्या आवृत्त्यांत डीफॉल्ट 30 होता. पुढं थ्रेडनंबर या सेटिंगला उणे 1 ही किंमत आली. तिचा अर्थ, सर्व्हर स्वतःच प्रोसेसर मोजून आकडा ठरवतो. जुन्या सर्व्हरवरून कॉन्फिगरेशन उचलून आणलं असेल तर त्यात कुणीतरी हातानं टाकलेला 30 किंवा 128 तसाच बसलेला असतो. तो काढून उणे 1 करा. बदलानंतर मी सेवा एकदा रीस्टार्ट करतो आणि मॉनिटरमध्ये नवा आकडा डोळ्यांनी बघतो.

ओपनएलडॅपवर मोठा आकडा टाकायचाच असेल तर एक खाचखळगा आधी माहीत असू द्या. त्याच्या एमडीबी डेटाबेसमध्ये एका वेळी वाचणाऱ्यांसाठी जागा ठरलेल्या असतात, डीफॉल्ट 126. थ्रेड 200 केले आणि या जागा वाढवल्याच नाहीत, तर गर्दीच्या वेळी काहींना "रीडर्स फुल" असा धक्का मिळतो. तोही नेमका निकालाच्या दिवशी.

रांग लांबलीय की कामच मंद झालंय, हे ओळखायचं कसं?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

ओपनएलडॅप 2.5पासून लॉगच्या "रिझल्ट" ओळीत दोन आकडे येतात: क्यूटाइम आणि ईटाइम. क्यूटाइम म्हणजे विनंती रांगेत किती वेळ उभी होती. ईटाइम म्हणजे ती आल्यापासून उत्तर जाईपर्यंतचा सगळा वेळ. 389च्या नव्या आवृत्त्यांच्या ॲक्सेस लॉगमध्ये हेच तीन तुकड्यांत मिळतं: रांगेतला डब्ल्यूटाइम, प्रत्यक्ष कामाचा ऑपटाइम आणि एकूण ईटाइम. ईटाइममधून रांगेचा वेळ वजा केला की खरं काम उरतं.

आता मंदपणा चालू असतानाच्या दहा मिनिटांचा लॉग काढा (आदल्या रात्रीचा नको, तेव्हा सगळं छानच दिसतं) आणि तीन गोष्टी शेजारी ठेवा: रांगेचा वेळ, कामाचा वेळ आणि प्रोसेसर किती भरलाय.

रांग शून्याजवळ आणि काम मोठं, असं दिसलं तर थ्रेडशी काही संबंध नाही. तो शोध स्वतःच जड आहे. इंडेक्सकडे (नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून सर्व्हर ठेवतो त्या सूचीकडे) जा.

रांग मोठी, आणि बहुतेकांचं काम छोटं पण दोन-चार जणांचं काम प्रचंड, असं दिसलं तर ते दोन-चार जण आरोपी आणि बाकीचे पीडित. तक्रार मात्र पीडितच करतात, म्हणून तक्रार करणाऱ्याच्याच ओळी बघत बसू नका. ईटाइमप्रमाणे उतरत्या क्रमानं लावा आणि वरच्या वीस ओळी वाचा. माझा अर्ध्याहून जास्त तपास तिथंच संपतो.

रांग मोठी, सगळ्यांचं काम छोटं आणि प्रोसेसर भरलेला असेल, तर यंत्राचीच ताकद संपलीय. थ्रेड वाढवले तर ते एकमेकांना कोपरं मारतील, बाकी काही नाही.

रांग मोठी, प्रोसेसर मात्र निवांत, डिस्कही निवांत, असं असेल तर थ्रेड कशाची तरी वाट बघत अडकलेत. थ्रेड वाढवून फरक पडण्याची शक्यता असलेली ही एकच अवस्था, आणि तिथंही आधी वाट कशाची बघतायत ते शोधावं लागतं. त्यावर पुढं लिहिलंय.

आमच्या लॉगमध्ये हे आकडे दिसतच नाहीत.

मग आवृत्ती जुनी आहे, नाहीतर लॉगची पातळी "स्टॅट्स"च्या खाली आहे. ओपनएलडॅप 2.4 असेल तर विनंतीची ओळ आणि रिझल्टची ओळ यांच्या वेळांतला फरक काढा आणि रांगेसाठी मॉनिटर बघा.

मॉनिटरमध्ये नेमकं काय बघू?

ओपनएलडॅपमध्ये मॉनिटर बॅकएंड चालू असला की "थ्रेड्स" या फांदीखाली मॅक्स, ओपन, ॲक्टिव्ह, पेंडिंग, बॅकलोड अशा नोंदी मिळतात. शोध करताना ऑपरेशनल ॲट्रिब्यूट (सर्व्हर स्वतः ठेवतो ती आतली माहिती) मागायला विसरू नका, एक अधिकचं चिन्ह लावावं लागतं. नाहीतर रिकाम्या नोंदी येतात आणि माणूस म्हणतो मॉनिटर बिघडलाय. ॲक्टिव्हमध्ये कायम 1 दिसेल, तो तुमचाच शोध आहे. घाबरू नका.

एकदा बघून काही कळत नाही. दर 5 सेकंदांनी तास-दोन तास फाइलमध्ये लिहीत राहणारी चार ओळींची स्क्रिप्ट लावा. ॲक्टिव्ह अधूनमधून 16ला टेकतो आणि लगेच खाली येतो, हे निरोगी लक्षण. ॲक्टिव्ह (काम करणारे थ्रेड) 16ला चिकटून बसलाय आणि पेंडिंग (रांगेतल्या विनंत्या) चढतोय, हा आजार.

389मध्ये "मॅक्सथ्रेड्सपरकॉनहिट्स" आणि "रीडवेटर्स" हे दोन आकडे मी आधी बघतो. पहिल्याबद्दल पुढं वेगळा प्रश्न आहे.

इंडेक्सनं खरंच एवढा फरक पडतो?

माझीच फजिती सांगतो. एका वर्षी जुलैत, प्रवेश जोरात चालू असताना, रोज 11च्या सुमारास लॉगिन अडकायचं. प्राचार्यांच्या केबिनमधून दोनदा बोलावणं आलं. मी थ्रेड 16चे 64 केले. दुसऱ्या दिवशी 11ला नाही, पावणेअकरालाच अडकलं, आणि या वेळी ग्रंथालयाचं सॉफ्टवेअरही सोबत पडलं.

संध्याकाळी चहा गार होऊ देत लॉग वाचत बसलो. त्यात "मोबाइल, नॉट इंडेक्स्ड" अशी ओळ शेकड्यानं होती. वायफायच्या नव्या लॉगिन पानावर पोरांना नाव लक्षात राहत नाही म्हणून मोबाइल नंबर टाकायची सोय केली होती. सोय करणाराही मीच. त्या ॲट्रिब्यूटला (नोंदीतल्या रकान्याला) इंडेक्स नव्हता. त्यामुळे कुणाचाही फोन कॅम्पसवर आला की सर्व्हर एक नंबर शोधायला सगळ्या नोंदी पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळायचा. 16 थ्रेड होते तेव्हा 16 जण चाळत होते. मी 64 केले तर त्याच चार कोअरवर 64 जण चाळायला लागले आणि बाकीच्यांना बसायलाच जागा उरली नाही.

मोबाइलवर समानतेचा (पूर्ण किंमत जशीच्या तशी जुळवणारा) इंडेक्स टाकला, थ्रेड परत 16 केले. ईटाइमच्या दशांश चिन्हानंतर तीन शून्यं दिसायला लागली.

389वाल्यांना ही ओळ वेगळ्या रूपात दिसते: ॲक्सेस लॉगमध्ये "नोट्स"पुढं यू किंवा ए. यू म्हणजे फिल्टरचा काही भाग इंडेक्सविना. ए म्हणजे पूर्ण शोधच इंडेक्सविना, सगळ्या नोंदी चाळल्या. ए दिसला की बाकीची कामं बाजूला ठेवा. लॉगकॉन्व्ह नावाची स्क्रिप्ट 389सोबतच येते, ती अशा शोधांची यादी काढून देते.

लॅबच्या लिनक्स संगणकांसाठी यूआयडी, यूआयडीनंबर, जीआयडीनंबर, मेंबरयूआयडी, मेंबर आणि ऑब्जेक्टक्लास यांना समानतेचा इंडेक्स हवाच. प्रतिकृती (डिरेक्टरीची दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत) चालू असेल तर ओपनएलडॅपमध्ये एंट्रीयूयूआयडी आणि एंट्रीसीएसएन यांनाही. नावाच्या मधल्या तुकड्यावरून शोधणारं पान असेल (आपल्याकडं अर्धं कॉलेज जाधव, शिंदे, देशमुख असल्यानं लोक "विठ्ठल" टाकूनच शोधतात) तर नावाला सबस्ट्रिंग इंडेक्सही लागतो. पण सगळ्या ॲट्रिब्यूटना सगळे इंडेक्स टाकत सुटू नका. प्रत्येक इंडेक्स दर लिखाणाला सांभाळावा लागतो.

इंडेक्स टाकला आणि आता सर्व्हर सुरूच होईना!

सर्व्हर बंद करून इंडेक्स बांधायची आज्ञा रूट म्हणून चालवलीत ना? डेटाबेसच्या फाइलींची मालकी रूटकडं गेली आणि सेवा तर दुसऱ्याच वापरकर्त्याखाली चालते. मालकी परत द्या, सुरू होईल. हा फोन मला वर्षातून दोनदा तरी येतो.

सीएन-कॉन्फिग (ओपनएलडॅपचं चालू सर्व्हरवर बदलता येणारं कॉन्फिगरेशन) वापरत असाल तर चालू सर्व्हरवरही इंडेक्स जोडता येतो, बांधणी मागं चालते. तरी रात्री करा. 389मध्ये इंडेक्सची व्याख्या जोडणं एक आणि रीइंडेक्सचं काम चालवणं दुसरं. पहिलं करून दुसरं विसरायचं नाही.

लाईट गेली-आली की अर्धा तास कुणालाच लॉगिन होत नाही. सर्व्हर तर यूपीएसवर आहे!

सर्व्हर यूपीएसवर आहे, पण 200 संगणक नाहीत. लाईट आली की ते सगळे एकाच मिनिटात उठतात, एकाच वेळी सर्व्हरचं दार वाजवतात, टीएलएस हस्तांदोलन (सुरक्षित जोडणीची ओळखपाळख) करतात, आपापले गट विचारतात. वायफायचे ॲक्सेस पॉइंटही त्याच क्षणी जिवंत होतात आणि खिशातले सगळे फोन रेडियस या वायफाय लॉगिनच्या सेवेमार्फत तिथंच येऊन धडकतात. दिवसभराची गर्दी दोन मिनिटांत.

इथं खरा उपाय सर्व्हरवर कमी आणि संगणकांवर जास्त आहे. एसएसएसडी (लॅबच्या लिनक्स संगणकावर लॉगिनसाठी डिरेक्टरीला विचारणारी सेवा) हिच्या कॉन्फिगरेशनमध्ये "एन्युमरेट" कुणी ट्रू केलंय का बघा. डीफॉल्ट फॉल्स आहे, पण यूट्यूब बघून पुष्कळ जण ट्रू करतात. ट्रू असलं की प्रत्येक संगणक उठल्या उठल्या सगळी डिरेक्टरी मागतो. 200 संगणक गुणिले 9,000 नोंदी, तुम्हीच हिशेब करा. ते बंद करा. क्रेडेन्शियलची कॅश (लॉगिनची माहिती त्या संगणकावरच साठवणं) चालू करा, म्हणजे सर्व्हर उत्तर देत नसला तरी कालच लॉगिन केलेला माणूस आत जाऊ शकतो. एसएसएसडी नोंदी डीफॉल्टनं 5,400 सेकंद, म्हणजे दीड तास कॅशमध्ये धरतो. शिक्षकांच्या संगणकांवर मी तो वेळ वाढवून ठेवलाय.

आणि लॅब असिस्टंटला सांगा, लाईट आल्यावर मेन स्विच एकदम टाकू नको, रांगेरांगेनं टाक. हसू नका. आमच्याकडं सगळ्यात जास्त गुण यालाच आला.

प्रोसेसर शंभर टक्के आहे. आता तरी थ्रेड वाढवू?

आता तर मुळीच नको. प्रोसेसर कशात जातोय ते बघा. शोधात जात नसेल तर बहुधा पासवर्ड तपासण्यात जातोय. पूर्वीच्या साध्या हॅशला (पासवर्ड गुप्त रूपात साठवायच्या पद्धतीला) जवळजवळ काहीच वेळ लागत नव्हता. पीबीकेडीएफ2 किंवा आर्गॉन2 मुद्दाम जड बनवलेत, चोराला जड जावं म्हणून, आणि ते तुमच्या सर्व्हरलाही जड जातात. म्हणून ते काढून जुना हॅश लावू नका. कोण किती वेळा बाइंड करतंय (पासवर्ड देऊन ओळख पटवतंय) ते मोजा. पुष्कळ वेब सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिकला नवी जोडणी, नवं टीएलएस आणि नवं बाइंड करतात. विक्रेत्याला सांगून जोडणी उघडी ठेवायला लावा.

आणखी एक, आपल्या भागातलं. मे महिन्यात पारा 42-43वर जातो. सर्व्हर रूमचा एसी बंद पडला की यंत्र वितळत नाही, ते गुपचूप स्वतःचा वेग कमी करतं. सगळे आकडे नेहमीसारखेच दिसतात, फक्त सगळं दीडपट मंद. कर्नलच्या लॉगमध्ये "थर्मल" शब्द शोधा. मी एकदा दोन दिवस कॉन्फिगरेशन चाळत होतो आणि शिपाईमामांनी येऊन विचारलं, "सर, आत भट्टी का पेटवलीया?"

प्रोसेसर रिकामा, डिस्क शांत, तरी सगळं अडकलंय.

थ्रेड कुणाच्या तरी दारात उभे आहेत. मंदपणा चालू असतानाच जीडीबी (चालू प्रोग्रामच्या आत डोकावायचं साधन) लावून सगळ्या थ्रेडचा बॅकट्रेस (कोणता थ्रेड कुठल्या फंक्शनमध्ये आहे त्याची यादी) काढा, पाच-पाच सेकंदांनी तीनदा. तेवढा क्षण सर्व्हर थबकतो, पण तो तसाही थबकलेलाच आहे. 389मध्ये "कनेक्शन वेट फॉर न्यू वर्क" या फंक्शनमध्ये असलेला थ्रेड रिकामा बसलाय, तो सोडून द्या. बाकीचे तिन्ही वेळा एकाच जागी दिसले तर सापडलं.

माझ्या अनुभवात दोन जागा पुन्हा पुन्हा येतात. पहिली, पासवर्ड दुसरीकडून तपासून घेणं. ओपनएलडॅप सॅसलऑथडी या पासवर्ड तपासणाऱ्या मदतनीस सेवेमार्फत मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरला विचारतो, मधली लाइन रडतेय, आणि सॅसलऑथडीच्या डीफॉल्ट प्रक्रिया आहेतच फक्त 5. तुमचे 16 थ्रेड त्या पाचांच्या मागं उभे. इथं आधी सॅसलऑथडीच्या प्रक्रिया वाढवा, मग हवे तर थ्रेड. वाट बघणारा थ्रेड प्रोसेसर खात नाही, म्हणून इथं 32 ठेवणं चुकीचं नाही.

दुसरी जागा म्हणजे मंद ग्राहक. तालुक्याच्या शाखेतून कुणीतरी मेल सॉफ्टवेअरमध्ये सगळी ॲड्रेस बुक उतरवून घेतोय, उत्तर लिहिणारा थ्रेड त्याच्या लाइनच्या वेगानं रांगतोय. ओपनएलडॅपमध्ये "राइटटाइमआउट" डीफॉल्टनं 0 आहे, म्हणजे कायमची वाट बघ. 30 सेकंद ठेवा. 389मध्ये याच कामाला आयओब्लॉकटाइमआउट आहे.

2023मध्ये जिल्ह्यांची नावं बदलली तेव्हा सगळ्या नोंदी एकदम बदलल्या आणि सर्व्हर बसला. का?

औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव झालं, आणि मराठवाड्यातल्या बहुतेक डिरेक्टऱ्यांत पत्त्याचं ॲट्रिब्यूट बदलायची स्क्रिप्ट कुणी ना कुणी चालवलीच. मीही चालवली.

लिखाणाला थ्रेड कितीही द्या, एमडीबीत एका वेळी एकच लिहिणारा असतो. 389चा बॅकएंडही लिहिणाऱ्यांना एकामागं एक सोडतो. प्रत्येक बदल डिस्कवर पक्का झाल्याशिवाय पुढचा नाही, त्यात त्या ॲट्रिब्यूटचा इंडेक्स बदलायचा, प्रतिकृतीला कळवायचं. एमडीबीत वाचणारे लिहिणाऱ्यासाठी थांबत नाहीत, हे खरं. पण स्क्रिप्ट चार जोडण्यांवरून धडाधड बदल पाठवत असेल तर थ्रेड त्या लिखाणाच्या रांगेत अडकून बसतात आणि वाचणाऱ्यांना थ्रेडच मिळत नाही.

असा बदल रात्री करा, एकाच जोडणीवरून, शंभर-शंभर नोंदींचे घास घेत, मध्ये दोन-चार सेकंद थांबत. प्रतिकृती मागं पडत नाहीये ना ते मध्येच बघा. नाव डीएनमध्येच (नोंदीच्या पूर्ण पत्त्यात) असेल, म्हणजे शाखेचं नावच औरंगाबाद, तर शाखा बदलली तरी गटांच्या मेंबर यादीत जुना डीएन राहतो. त्यासाठी रेफरन्शियल इंटेग्रिटीचं (नाव बदललं की त्याचे उल्लेखही बदलणारं) ओव्हरले किंवा प्लगइन आधी चालू असावं लागतं.

लिखाण एरवीही मंद वाटत असेल तर रेड कंट्रोलरची (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाची) बॅटरी तपासा. ती मेली की कंट्रोलर राइट कॅश बंद करतो आणि प्रत्येक कमिट थेट तबकडीवर जाऊन येतो.

बाकी सगळं ठीक, एकच सॉफ्टवेअर मंद चालतं.

389 असेल तर "मॅक्सथ्रेड्सपरकॉन" बघा, डीफॉल्ट 5. एका जोडणीला एका वेळी पाचच थ्रेड मिळतात. ते सॉफ्टवेअर एकाच जोडणीवरून शेकडो विनंत्या सोडत असेल तर बाकी थ्रेड रिकामे असूनही त्याची रांग लागते. मी हा आकडा वाढवत नाही, त्या सॉफ्टवेअरला चार-पाच जोडण्या वापरायला सांगतो. ही मर्यादा आहे म्हणूनच एक उपद्रवी पाहुणा सगळं घर अडवत नाही.

ओपनएलडॅपमध्ये असं बघा: एका जोडणीवर निनावी असेल तर 100 आणि ओळख पटलेली असेल तर 1,000 विनंत्या प्रलंबित राहू शकतात. त्यापुढं गेलं की सर्व्हर जोडणीच तोडतो. "कनेक्शन आपोआप तुटतं" या तक्रारीमागं कधीकधी हेच असतं.

"टू मेनी ओपन फाइल्स".

थ्रेडचा संबंध नाही. जोडण्या संपल्या. सिस्टिमडीच्या (सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या) युनिटमध्ये लिमिट-नोफाइल वाढवा (ॲडमिन शेलमध्ये यूलिमिट देऊन सेवेला फरक पडत नाही) आणि रिकाम्या जोडण्या तोडायला आयडलटाइमआउट लावा. ओपनएलडॅपमध्ये तो डीफॉल्टनं बंद असतो.

तपासासाठी लॉगची पातळी सगळ्यात वर केली आणि सर्व्हर आणखीच मंद झाला.

होणारच. "एनी" पातळीवर सर्व्हर काम कमी करतो, डायरी जास्त लिहितो. स्टॅट्स पुरे. जुन्या पद्धतीच्या सिसलॉगमधून (लिनक्सच्या सामायिक लॉग सेवेतून) लिहीत असाल तर त्या फाइलच्या नावाआधी वजाचं चिन्ह द्या, म्हणजे प्रत्येक ओळीला डिस्कची वाट बघावी लागत नाही. ओपनएलडॅप 2.6मध्ये सिसलॉग टाळून थेट फाइलमध्ये लिहायची सोय आली आहे, ती चांगली आहे.

रीस्टार्ट केलं की ठीक होतं. रोज रात्री रीस्टार्टचा क्रॉन लावून टाकू का?

लावा, पण त्याआधी दोन आकडे काढा: रीस्टार्टच्या आधी प्रक्रियेची मेमरी किती होती आणि उघड्या जोडण्या किती होत्या. मेमरी रोज चढत असेल तर बहुधा ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या मेमरी वाटपात तुकडे पडतायत, थ्रेड जितके जास्त तितके जास्त. त्याऐवजी टीसीमॅलॉक किंवा जेमॅलॉक हे मेमरी वाटणारे लावून बघा. जोडण्या चढत असतील तर कुठलं तरी सॉफ्टवेअर त्या उघडून विसरतंय. मॉनिटरमध्ये त्याचा आयपी मिळतो, थेट त्याच्या मालकाला फोन करा. दोन्ही आकडे स्थिर असतील आणि तरी रीस्टार्टनं बरं वाटत असेल, तर रीस्टार्टनं फक्त रांग रिकामी केली. मग दुसऱ्या दिवशी त्याच वेळेचा लॉग काढून ईटाइमच्या वरच्या वीस ओळी वाचा, आणि त्यानंतरही अडलं तर मला फोन करा, पण त्या वीस ओळी समोर घेऊनच.